लुसीबाईंचे हात

सबीना रिबेलो जिवंत माणसाशी चढ्या आवाजात बोलली, असं आमच्या गावठाणात कुणीही सांगणार नाही. मेलेल्यांना मात्र ती चांगलंच फैलावर घ्यायची. "पाय सोड की रे, आता कुणाच्या मागं धावायचंय," नाहीतर "बाय, तोंड मिट गं, जन्मभर बोललीस ना," असं दटावत ती त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायची, लग्नातला कोट किंवा साडी चढवायची. अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांपासून आत वळलं की आमचं गावठाण लागतं. मूळ वस्ती ख्रिस्ती लोकांची, मुंबई मुंबई व्हायच्या आधीपासूनची. आम्ही मालवणाकडचे मागाहून आलेलो. त्यांच्यात कुणी गेलं की शवपेटीवाल्याला फोन जायचा, फादरना फोन जायचा, पण त्याआधी सबीनाला हाक जायची.

मी विमला तावडे, तिची शेजारीण. त्यांच्या देवळातलं मला फारसं कळत नाही, पण सबीना कळते. तिनं एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम केलं, लग्न केलं नाही, आणि परेरांच्या मागच्या अंगणातल्या एका खोलीत आयुष्य काढलं. त्या खोलीला कागद वगैरे काही नव्हता. घराची मालकीण लुसी परेरा कधीतरी "राहा" म्हणाली होती, म्हणून सबीना राहत होती.

मेलेल्याला नीट पोचवणं हे दयेचं काम, असं तिला लहानपणी देवळाच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. अशी कामं त्यांच्यात बरीच असतात. भुकेल्याला वाढायचं, आजाऱ्याला भेटायचं, आणि कुणी वाईट वागत असेल तर त्याला तोंडावर सांगायचं. "ते सांगायचं मना कधी जमलं नाय," सबीना म्हणायची. "मेलेलं माणूस उलटून बोलत नाय, म्हणून मी हे काम धरलं." आणि स्वतःच हसायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत लुसीबाई गेल्या. त्या घरात लुसीबाई, त्यांची बिनलग्नाची बहीण रेजिना आणि लुसीबाईंचा मुलगा वॉल्टर अशी तिघं राहायची. वॉल्टर म्हणजे मोठं प्रस्थ. रविवारी देवळात वाचन त्याचंच, भरदार आवाज, वॉर्ड ऑफिसात ओळखी, कुणाचं नळाचं काम अडलं तरी त्याच्याकडे जायचं. दोन्ही म्हाताऱ्या मात्र कित्येक दिवसांत बाहेर दिसल्या नव्हत्या. "डोक्यात गोंधळ झालाय दोघींच्या, माणसं बघून घाबरतात," वॉल्टर सांगायचा. आम्ही मान डोलवायचो. विश्वास ठेवायला काही कष्ट पडत नव्हते.

त्या दुपारी काय झालं ते सबीनानं मला नंतर सांगितलं. पुढच्या खोलीत पलंगावर लुसीबाई होत्या. आतल्या खोलीचं दार बंद. सबीनानं त्यांचं अंग पुसायला घेतलं आणि दोन्ही मनगटांपाशी थांबली. तिथली कातडी काळपट आणि जाड झाली होती, वर्षानुवर्षं बांगडी घासून होते तशी. पण लुसीबाई बांगड्या घालत नसत. घोट्यांनाही तसंच.

त्यांच्यात रीत अशी की मेलेल्याचे हात छातीवर जुळवायचे, बोटांत जपमाळ द्यायची, आणि अंग ताठेपर्यंत मनगटं पांढऱ्या सॅटिनच्या फितीनं बांधून ठेवायची. पेटी देवळात न्यायच्या आधी फीत सोडायची. सबीनाच्या पिशवीत ती फीत कायम असायची. तिनं ती बाहेर काढली आणि तिला ती बांधवेना. त्या मनगटांना आणखी एकदा बांधायचं म्हटल्यावर तिनं फीत परत पिशवीत टाकली. तिनं हात नुसतेच जुळवले. हात घसरले आणि अंगाच्या दोन बाजूंना जाऊन पडले, तळवे वर. पुन्हा जुळवले, पुन्हा तिथंच जाऊन पडले.

मन शांत करायला तिनं हळूच प्रार्थना सुरू केली. त्यांच्या जपमाळेत अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी. सबीनानं तिचा अर्धा भाग म्हटला. खोलीत ती आणि मेलेली लुसीबाई दोघीच. आणि उरलेला अर्धा भाग भिंतीच्या पलीकडून आला. बारीक, कोरड्या आवाजात, एकही शब्द न चुकता. सबीनानं पुन्हा म्हटलं, पुन्हा उत्तर आलं. तिसऱ्या वेळी तो आवाज मध्येच तुटला, आणि आतलं दार उघडून वॉल्टर बाहेर आला.

"रेजिना मावशी झोपलीय," तो म्हणाला. मग पलंगाकडे बघून, "फीत बांधा ना, आंटी."

"नको," सबीना म्हणाली. एवढंच तिला बोलता आलं.

देवळात पेटी उघडीच होती. फादर धूप दाखवत होते आणि सगळ्यांच्या देखत लुसीबाईंचे जपमाळेच्या आधारानं कसेबसे जुळवलेले हात सावकाश सुटले आणि बाजूला गेले. मीही होते तिथं, मागच्या बाकावर. बायका कुजबुजल्या, एकीनं तोंडावर रुमाल धरला. वॉल्टरनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. तो वळून सबीनाकडे बघत होता, आणि त्याची नजर रागाची नव्हती. मला तेच आवडलं नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसून सगळं बोलली. मी भडकले. "पोलिसात जा गो. म्हाताऱ्या माणसांसाठी हेल्पलाईन असते, तिथं फोन कर. मी करू?"

"पोलीस उद्या पण हायत," ती म्हणाली. "पोलीस आले की तो वकिलाशी बोलेल, माझ्याशी नाय. आमच्यात आधी एकट्यानं जाऊन सांगायचं असतं, विमल. चारचौघांत नाय. नाय ऐकलं तर एकदोघांना घेऊन, आणि तरी नाय ऐकलं तर सगळ्या देवळासमोर."

"आणि त्यानं तुला खोलीतून काढलं तर?"

"काढेल."

"कुठं जाशील?"

 तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. ती साडीच्या काठाला सारखी घडी घालत होती आणि उलगडत होती. भीती वाटत असूनही जाणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आपल्याला काही बोलायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी त्यांच्या अंगणातल्या जाळी लावलेल्या विहिरीपाशी फोन हातात धरून उभी राहिले. वॉल्टरनं दार उघडलं, तिला आत घेतलं, दार लावलं. मग आतून एकेक खिडकी बंद होत गेली. घाईनं नाही, पाऊस येणार असावा तशा निगुतीनं. बाहेर कडकडीत ऊन होतं. विमानतळाकडे जाणारं एक विमान डोक्यावरून खाली उतरलं, त्याची सावली कौलांवरून सरकली, आणि त्या घरातून काहीच ऐकू आलं नाही. भांड्याचा आवाज नाही, बोलणं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"चहा दिला त्यानं," ती म्हणाली. "मी सगळं बोलली. तू आईला बांधलंस, मावशीला बांधतोस, ते पाप हाय, सोड म्हटलं. तो रडला. म्हणाला, आंटी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

"मग झालं तर."

"रडताना तो सारखा माझ्या हातांकडे बघत व्हता, बाय." मग म्हणाली, "निघताना बोलला, तुम्ही आईच्या शब्दावर होता ना इथं? आई तर गेली."

मी म्हटलं, आता पुरे. सांगायचं ते सांगून झालं, आता गप्प राहा. ती म्हणाली, "रेजिना आत हाय." त्यापुढं माझं काही चाललं नाही.

रविवारची देवळातली मिस्सा आटोपून ती सरळ माझ्या दारात आली. आता साक्षीला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, अगो, मी हिंदू बाई, तुमच्या देवाला मी कशी चालेन? "डोळे हायत ना तुला?" ती म्हणाली. मी चपला घातल्या. फोन मात्र बरोबर घेतला.

वॉल्टरनं आम्हाला बघून तोंड फिरवलं नाही. उलट खूश झाला. "या, या. मीच बोलावणार होतो," म्हणाला आणि स्वतः होऊन आतल्या खोलीचं दार उघडलं.

रेजिना खुर्चीत बसली होती. इस्त्रीचा झगा, मधोमध भांग पाडलेला, तोंडाला भरपूर पावडर. मला आधी वाटलं ती मेलेली आहे आणि तिला तयार करून बसवलंय. मग तिनं डोळ्यांची उघडझाप केली. तिचे हात मांडीवर जुळवलेले होते आणि मनगटांभोवती पांढरी सॅटिनची फीत होती, सबीनाच्या पिशवीत असते तशीच. वर नीट फूल बांधलेलं.

"तुमचं म्हणणं पटलं मला, आंटी," वॉल्टर म्हणाला. देवळात वाचताना असतो तोच त्याचा आवाज होता. "दोरीनं वळ उठायचे. त्रास व्हायचा बिचारीला. आता बघा, कातडी अगदी मऊ राहते." आणि तो थांबला. त्याला वाटत होतं, आम्ही त्याला शाबासकी देऊ.  दुष्ट माणूस मला कळला असता. हा माणूस मनापासून सुधारून आमच्यासमोर उभा होता.

"सोड तिला," सबीना म्हणाली. मेलेल्यांवर ओरडायची तोच आवाज. जिवंत माणसावर तो लागलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"सोडून कसं चालेल?" वॉल्टर शांतपणे म्हणाला. "ती एकदा हायवेवर गेली होती. रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मी ऑफिसला जातो, मग कोण बघणार? एवढी माणसं आहेत गावठाणात. त्यातलं कोण आलं कधी?"

ते खोटं नव्हतं. मी खाली बघितलं. सबीनानं नाही बघितलं.

"कोण नाय आलं," ती म्हणाली. "ते आमचं पाप. हे तुझं."

तिनं वाकून फितीचं फूल ओढलं. फीत जमिनीवर पडली. रेजिनानं आपल्या मोकळ्या हातांकडे बघितलं, ते उलटसुलट करून बघितले. मग दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवली, हात उचलले आणि वॉल्टरच्या पुढं धरले. अंघोळीच्या वेळी पोरं हात पुढं करतात, तसे.

"घट्ट नको रे," ती म्हणाली.

तो बघत राहिला. ती हात धरून बसली होती, जराही न थरथरता, रोजचं काम असल्यासारखी. वॉल्टरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचणारा माणूस, पण शब्द फुटला नाही. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. या वेळी रडला नाही. सबीनानं रेजिनाचे हात आपल्या हातांत घेतले आणि खाली आणले. ते पुन्हा वर जायला बघत होते. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

सगळ्या देवळासमोर सांगायची वेळ आली नाही. वॉल्टर स्वतःच फादरकडे गेला. काय बोलला ते फादरनाच माहीत. महिन्याभरात रेजिनाला बोरिवलीला सिस्टरांच्या आश्रमात जागा मिळाली. तिथं मोठा व्हरांडा आहे आणि ती दिवसभर त्यात फिरते, तिला कुणी बसवत नाही. मी सबीनाबरोबर तिला बघून आले.

सबीनाची खोली मात्र गेलीच. वॉल्टरनं तिला रागानं नाही काढलं. तुम्ही रोज अंगणातून गेलात की मला घरात बसवत नाही, असं तो म्हणाला. सबीनाला ते पटलं. मला नाही पटलं, आणि मी त्याला चार शब्द सुनावले, पण माझ्या बोलण्यानं कुणाची खोली परत मिळत नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे बाहेरच्या खोलीत असते.

आणि हे सगळं गावठाणात कळलं. कुणी सांगितलं म्हणाल तर मी सांगितलं. मी काही संत नाही. माझी समजूत अशी की लोक सबीनाला डोक्यावर घेतील. नंतर एका घरात आजोबा गेले. सबीना पिशवी घेऊन तयार बसली. हाक आली नाही. घरच्यांनीच कपडे घातले म्हणे, दार लावून. मग आणखी एका घरात तसंच झालं, मग आणखी एकात. लोक तिला रस्त्यात भेटले की हसून बोलत, तब्येत विचारत, आणि आपली मेलेली माणसं तिच्यापासून लपवत. मला तेव्हा पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या बंद दारांची भीती वाटली. मी त्या घरांमधून नाताळला जाऊन आलेली बाई.

सबीनाला वाईट वाटलं, फार वाटलं. तिनं पिशवी माळ्यावर टाकून दिली. कित्येक दिवस तिला जेवण जात नव्हतं. "मी कशाला तोंड उघडलं, विमल," असंही ती एकदा म्हणाली, आणि मी तिच्या पुढ्यातलं ताट उचलून झाकून ठेवलं.

परवा दुपारी दारात एक बाई उभी राहिली. साठीची असेल. गावठाणातली नाही, समोरच्या नव्या टॉवरमधली, चांगल्या घरची. ख्रिस्तीही नव्हती, कपाळाला कुंकू होतं. सबीना इथंच राहते का, तिनं विचारलं. आत येऊन बसली. पाणी प्यायली. उन्हाचं बोलली, लिफ्ट सारखी बंद पडते ते बोलली. मी चहा ठेवायला उठले. मग तिनं हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात सबीनाच्या पुढं केला.

"मेल्यावर बघता ना तुम्ही," ती म्हणाली. "आत्ताच बघा."

सबीनानं बघितलं. मनगटाभोवतीची कातडी काळपट आणि जाड झाली होती. मग चपला शोधायला लागली.

"कितवा मजला?"

"सातवा," बाई म्हणाली. "पण आत्ता नको. मुलगा घरीच आहे."

"बरंच झालं," सबीना म्हणाली.