आधीपाणी काका

सुट्टीचा दिवस, त्यामुळे घरात कुणालाच घाई नव्हती. नवरा हौसेने चहा करत होता आणि मी शेजारी उभी राहून त्याला चुका सांगत होते. दूध आधी की साखर, यावर आमचं जुंपलं, तसा तो ठसक्यात म्हणाला, "आधी पाणी, मग ॲसिड." आम्ही दोघंही हसलो. ते वाक्य तेव्हा आमच्या घरात उठता बसता चालायचं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात पन्नाशीचे एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, पण बाहीवर मोहरीएवढी तीन-चार भोकं. "ताई, मी तुमच्या मुलीच्या कॉलेजात असतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत."

त्यांनी सांगायच्या आधीच मी त्यांना ओळखलं होतं. पोटावरून. तिथेच मी कानकोंडी झाले.

लेक कॉलेजवर एक विनोदी चित्रमालिका काढते. फोनवर वाचायची, दर आठवड्याला नवा भाग. नाव 'हजेरी लावून पळालेले'. उघड्या डोळ्यांनी झोपणारा एक मुलगा, चार पेनं बाळगून पाचवं मागणारी एक मुलगी, अशी मंडळी. वाचक वाढले तसा नव्यांचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून तिने एक पान जोडलं: 'नवीन आलात? इथून सुरुवात करा.' चित्रं तिची, मजकूर माझा. पदवी घेऊन वीस वर्षं सामानाच्या याद्या लिहिणाऱ्या बाईला एकदम अकरा हजार वाचक मिळाले. मी हुरळून गेले. प्रयोगशाळेत सतत 'आधी पाणी, मग ॲसिड' बजावणाऱ्या मदतनिसाचं नाव मीच ठेवलं, आधीपाणी काका. 'हे लग्नाला गेले तरी नवरा-नवरीला हेच सांगतात' असं लिहिलं, आणि खाली नव्या वाचकांना सूचना: 'काकांनी तोंड उघडलं की वाक्य तुम्हीच पूर्ण करा.'

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मी पाणी दिलं तर ग्लास उजेडात धरून गोल फिरवला, मग प्यायले.

"सवय," ते ओशाळून म्हणाले. "तडा गेलेली काच पोरांच्या हातात जाऊ नये म्हणून बघत असतो."

नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेला.

"बारावीला रसायनातच नापास झालो, आणि सत्तावीस वर्षं त्यातच गेली," ते म्हणाले. "काचेच्या नळ्या वाकवून देतो, बाटल्या भरतो. सर फळ्यावर शिकवतात, पण पोरांचे हात मी बघतो. कुणाचा थरथरतो, कोण धसमुसळं आहे, पहिल्या दिवशीच कळतं."

"मुलांनी फार चिडवलं का?" मी विचारलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"चिडवतात हो. दर वर्षी नवं नाव. पिंप, ढोल, एका वर्षी तर नुसतंच 'गॅस'." ते हसले. "पण नाव पडायला तीन महिने लागायचे. तोवर माझं सांगून झालेलं असायचं. आता पोरं ते पान वाचूनच येतात. पहिल्या दिवसापासून हसतात."

मग त्यांनी मागच्या आठवड्यातलं सांगितलं. नव्या पोरांची पहिली तुकडी. ते टेबलापाशी उभे राहिले, म्हणाले, "आधी..." आणि तीस जणांनी एका सुरात वाक्य पूर्ण केलं. टाळ्या, शिट्ट्या. कुणी फोन वर धरले. त्या गोंधळात एका मुलीने ॲसिडमध्ये पाणी ओतलं. ते उसळलं आणि मनगटावर उडालं.

"मी लगेच नळाखाली धरला तिचा हात. थोडक्यात निभावलं, फोड आलेत. रडत म्हणाली, काका, मला वाटलं ते नुसतं गमतीत म्हणायचं असतं."

इतक्यात लेक तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. "आई, कोण आलंय गं?" म्हणत होती, त्यांना पाहिलं आणि थिजली. तशीच आत वळली.

"तिला रागावू नका," ते घाईने म्हणाले. "हात छान आहे पोरीचा. माझं पोट तर बरोब्बर काढलंय, बायकोलासुद्धा आवडलं. वय असतं, लिहून जातात पोरं."

मी गप्प राहिले. चांगला घोटभर वेळ गप्प राहिले, आणि तेवढ्या वेळात लेकीच्या माथ्यावर ते खुशाल बसू दिलं. आज ते आठवलं की त्या पानापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त लाज वाटते.

"ते तिने नाही लिहिलं," मी शेवटी म्हणाले. "मी लिहिलं. नावही माझं, आणि वाक्य पूर्ण करा, हेही माझंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. एवढ्या मोठ्या बाईने हे लिहावं, याचा त्यांना उलगडा होत नव्हता. बराच वेळ त्यांनी बाहीचं एक भोक बोटाने चाचपलं.

"सगळंच पान काढून टाकते," मी म्हणाले. "तुमची जाहीर माफी मागते."

"नको, माफी वाचून आणखी हसतील." ते उठले, रिकामा कप जपून टेबलाच्या मध्यावर सरकवला. "नाव राहू द्या, पोट राहू द्या. तेवढं ते माझं वाक्य काढा, ताई. उद्या दहा वाजता दुसरी तुकडी येतेय, मला ते सांगायचंय."