शिहाताचं कुलूप

वाळवंटातल्या आमच्या दाखला नावाच्या मरूद्यानात तेव्हा लोखंडी कुलूप कुणी पाहिलं नव्हतं. दाराला लाकडी अडसर, त्यात वरून पडणारे लाकडी काटे, आणि ते उचलायला दातेरी, वीतभर लांब किल्ली. हे सगळं उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, शिहाता घडवायचा. कुलपांचा त्याला गर्व असा, की विचारू नका. "माझं कुलूप सैतानालाही उघडायचं नाही," म्हणायचा.

सुवेझचा कालवा खणत होते त्या साली मशिदीच्या कोठीतून तेलाचे चार रांजण गेले. कुलूप जागच्या जागी, साधा ओरखडा नाही. किल्ली एकच, तीही उम्म रिज्कच्या गळ्यात. नवरा कालव्यावर मेलेली ही बाई कोठी राखून पोट भरायची. आमच्या उमद्यानं, म्हणजे गावच्या पाटलानं, निकाल देऊन टाकला: दुपारच्या नमाजानंतर अस्युतचा काफिला निघतोय, त्याच्याबरोबर हिला हाकला.

"मी नाही हो चोरलं," ती रडत होती.

"मग काय कुलूप आपोआप उघडलं?" उमदा खेकसला. "शिहाताचं कुलूप आहे ते!"

शिहाता तिथंच होता. मी त्याचा शेजारी, त्याचा उतरलेला चेहरा मला दिसला. जैतुनाचं लाकूड दोन उन्हाळे वाळूत पुरायचं, मगच घडवायचं, ही त्याच्या बापाची रीत. रमजान तोंडावर आला म्हणून हे एकच कुलूप त्यानं ओल्या लाकडाचं केलं होतं. गप्प बसला असता तर कुणी त्याच्याकडे बोटही दाखवलं नसतं.

तिला उंटावर बसवलं, तसा तो पुढं झाला. मशिदीच्या अंगणात कोपऱ्यात मसुराची हंडी होती, तिच्यातला चमचा उचलला, दांडा कोठीच्या कुलपात घातला आणि ओढला. अडसर सुटला.

"लाकूड ओलं होतं. वाळताना आवळलं, काटे वरच अडकले. चमच्यानं उघडतं माझं कुलूप. झालं समाधान? आता बाईला उतरवा."

तिला उतरवलं. मग गाव जे हसलं, ते वर्षभर हसत राहिलं. त्याला चमचेवाला म्हणू लागले, आणि खरंच त्याच्यावर चमचे विकून जगायची पाळी आली. चोर सापडलाच नाही, पण मला राग आहे तो त्या हसणाऱ्यांचा.

पुढं उम्म रिज्कनं घराला नवं दार केलं आणि थेट त्याच्याकडे गेली.

"कुलूप करून द्या, उस्ता."

"अगं रिज्कच्या आई, माझं कुलूप कशानं उघडतं ते ठाऊक आहे ना?"

"उघडू दे. माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय? पण दाराला तुमचंच पाहिजे."

त्यानं जैतुनाचा ओंडका काढला आणि अंगणातल्या वाळूत पुरला.

"मग दोन उन्हाळे थांबावं लागेल."

ती थांबली.