हात तसाच ठेवा

१९८९ च्या डिसेंबरात जळगावातल्या एका जिनिंग कारखान्यात, दुपारच्या पाळीत, कापूस टाकणाऱ्या एका बाईची दोन बोटे यंत्रात गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात चौथ्या पानावर चार ओळींची बातमी आली. ती मी लिहिली होती. तिच्यात "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" असे शब्द होते. अपघात झाला तेव्हा यंत्रापासून पाच हातांवर एक प्राध्यापिका स्टुलावर बसून वहीत नोंदी करत होत्या, हे बातमीत नव्हते. ते मला माहीत नव्हते. त्या प्राध्यापिकेला मात्र मी चार महिन्यांपासून ओळखत होतो.

"हात तसाच ठेवा." त्यांचे पहिले वाक्य हेच असे. ओळखपाळख नंतर. कोणी काही उचलताना, कापताना, ओतताना दिसले की त्या थांबत आणि पर्समधून शिंप्याची टेप काढत. आमच्या कार्यालयाखालच्या चहावाल्याला त्यांनी एकदा असेच थांबवले. किटली वर, कप खाली, मध्ये चहाची धार. त्याने हात तसाच ठेवला. कप भरला, बशी भरली, मग माझी चप्पल भरली. त्यांनी आकडा मोठ्याने म्हटला, वहीत लिहिला आणि मग चप्पल पाहिली.

"अगं बाई! तुमची होती का?"

आकडा आधी मोठ्याने म्हणायचा, मग लिहायचा, ही त्यांची शिस्त होती. एकदा कानाने ऐकला की लिहिताना चूक होत नाही, असे त्या सांगत. आमच्याकडे सगळे त्यांना मापवाल्या बाई म्हणू लागले. त्यांना ते कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे की."

वय पस्तिशीचे. धुळ्याच्या एका महिला महाविद्यालयात त्या गृहविज्ञान शिकवत. एक एम.एस्सी. आधीच होती. दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन गुजरातेतल्या एका विद्यापीठात त्या दुसरी पदवी करत होत्या, नव्या विषयातली. पहिले वर्ष वर्गात गेले. दुसरे प्रबंधाचे होते. त्यासाठी जळगाव निवडले आणि तिथल्या मेहरूण भागात आत्याकडे उतरल्या. रजा मेअखेर संपणार होती. तोवर प्रबंध दिला नाही तर पदवी नाही आणि पुन्हा रजाही नाही, असे कॉलेजने लेखी कळवले होते. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. गाडीची वेळ सांगावी तसे.

विषयाचे इंग्रजी नाव आमच्या संपादकीय विभागात कोणाला धड म्हणता येत नसे. आमच्या मुख्य उपसंपादकांना सगळे आबा म्हणत. त्यांनी सरळ विचारले, "म्हणजे नेमकं काय शिकता तुम्ही?"

"सदरा माणसाला बसतो की नाही, ते शिंपी बघतो ना आबा? काम माणसाला बसतं की नाही, ते मी बघते."

"आणि नाही बसलं तर?"

"काम उसवायचं."

"आमच्याकडे माणूस उसवतात," आबा म्हणाले.

आबांची मान पंधरा वर्षे दुखत होती. मापवाल्या बाईंनी त्यांच्या डोळ्यापासून कागदापर्यंतचे अंतर मोजले आणि टेबलाच्या चारही पायांखाली विटा लावायला सांगितल्या. आबांनी आठवडाभर चेष्टा केली. आठव्या दिवशी झाडणाऱ्याने विटा काढल्या, तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा लावायला लावल्या.

त्या आमच्याकडे यायच्या जुने अंक बघायला. यंत्रावरच्या अपघातांच्या बातम्या त्या उतरवून घेत. तुम्हीही अशा बातम्या वाचल्या असतील. चार ओळी, नाव, वय, गाव, आणि कारण. एक दिवस त्यांनी वही बंद केली आणि मला विचारले, "हा 'निष्काळजीपणा' तुम्ही घालता की पोलीस?"

"पोलिसांच्या नोंदीत असतो."

"पोलिसांना कोण सांगतं?"

"कारखान्याचा मालक. नाहीतर मॅनेजर."

"ते तिथं उभे असतात?"

मी म्हणालो, "नसतात." त्यांनी मान हलवली आणि पुढचा अंक उघडला.

नोव्हेंबरात मी एकदा त्यांच्याबरोबर जिनिंगमध्ये गेलो. रविवारच्या पुरवणीसाठी काही मिळेल, असा हिशेब होता. मालकांनी, म्हणजे शेठनी, त्यांना सही-शिक्क्याचे परवानगीपत्र दिले होते. आत दोन ओळींत यंत्रे होती. प्रत्येक यंत्रापुढे एक फळी, आणि फळीवर उभी राहून कापूस टाकणारी एक बाई. यंत्राचे रूळ रुई ओढून घेत, सरकी खाली पडे. आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. एरंडोलकडच्या कौतिकबाई तिथे कापूस टाकत. त्या हंगामापुरत्या जळगावात राहत. मापवाल्या बाईंनी टेप काढली तशा त्या हसल्या.

"बठ्ठं माप लिधं बाई, आते झंपर कव्हय शिवशी?"

"पदवी मिळू द्या, मग शिवते. हात तसाच ठेवा."

फळीपासून कोपरापर्यंत टेप लागली. "कोपर, चौऱ्याण्णव!" त्या ओरडल्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून तोच आकडा परत आला, लिलावात बोली पुकारावी तसा. पट्टे आणि यंत्रे सांभाळणारे हनीफमिस्त्री त्यांची नक्कल करत होते.

"बाई, मशीनचं पण माप घ्या," ते जवळ येऊन म्हणाले. "त्याला पण कोपर असेल."

"घेतलंय मिस्त्री. तेच तर जुळत नाही."

सगळ्या बायका हसल्या. मी एक पान टिपणे घेतली. त्यांत झंपर होते, लिलाव होता. यंत्र कुठून थांबवतात, हे नव्हते.

अपघाताची बातमी ज्या दिवशी छापून आली, त्याच दिवशी सकाळी अकराला त्या कार्यालयात आल्या. अंक माझ्यापुढे ठेवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हात तिथं का गेला, विचारलंत कोणाला?"

मी पोलीस ठाण्यातून फोनवर बातमी घेतली होती. तसे सांगितले. त्यांनी वही उघडली. ओला किंवा कचऱ्याचा कापूस आला की रूळ तुंबतात. यंत्र थांबवायला ते फिरवणारा पट्टा बाजूला सरकवणारा दांडा ओढावा लागतो, आणि तो यंत्राच्या मागे होता. फळीवरून उतरून, सगळ्या ओळीला वळसा घालून तिथे जायला एकवीस पावले. म्हणून बायका यंत्र चालू ठेवूनच हाताने बोळा काढत. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तासाला किती वेळा हात आत गेला, याच्या रेघा होत्या. कौतिकबाईंच्या नावापुढे अपघाताच्या तासाला नऊ रेघा होत्या. दहावी अर्धी होती.

"हे किती दिवस मोजताय?" मी विचारले.

"पाच आठवडे."

"शेठना सांगितलं होतं?"

त्यांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

"शिफारशी शेवटच्या प्रकरणात असतात," त्या म्हणाल्या.

आबा शेजारच्या टेबलावर होते. त्यांच्याकडे प्रत्येक वाक्याला एक वाक्य तयार असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

जानेवारीत सरकारी निरीक्षकांनी कारखान्याच्या कचेरीत चौकशी ठेवली. निष्काळजीपणा नोंदला गेला तर कौतिकबाईंना पुढच्या हंगामात गावातल्या कुठल्याच जिनिंगमध्ये फळीवर उभे करणार नाहीत, हे मुकादमाने त्यांना सांगून ठेवले होते. मापवाल्या बाईंनाही शेठनी आदल्या दिवशी बोलावून घेतले होते. त्यांचे शब्द बाईंनी मला चौकशीला जाताना रिक्षात सांगितले: "वही तुमची, पण कारखाना माझा. वही साहेबांपुढे गेली तर परवानगीपत्र परत घेईन." त्या पत्राशिवाय विद्यापीठ प्रबंध घेणार नव्हते. दुसरीकडे नव्याने मोजायला सबंध हंगाम लागला असता, आणि हंगाम मार्चमध्ये संपत होता.

"मग?" मी विचारले.

"टेप आणलीय का बघते," त्या म्हणाल्या आणि पर्स उघडली.

निरीक्षकांनी कौतिकबाईंना पहिला प्रश्न केला, "मशीन बंद करून हात का नाही घातला?"

कौतिकबाईंचा उजवा हात पट्टीत होता. "बंद कराले मांगे जानं पडस साहेब. तवलोंग इकडे ढीग लागस, अन् मिस्त्री वरडस."

हनीफमिस्त्री खाली पाहत होते.

"हे आत्ताच सुचलेलं दिसतंय," शेठ म्हणाले.

मापवाल्या बाई उठल्या. वही निरीक्षकांपुढे ठेवली. "सुचलेलं नाही साहेब. मोजलेलं आहे."

निरीक्षकांनी पाने उलटली. मध्येच उठून ते हॉलमध्ये गेले. परत आले ते पावले मोजत. म्हणाले, "मूळ वही ठेवून घ्यावी लागेल."

"ठेवा."

शेठनी मापवाल्या बाईंकडे पाहिले आणि हात पुढे केला. बाईंनी पर्समधून परवानगीपत्र काढले, घडी सरळ केली आणि त्यांच्या हातावर ठेवले. कौतिकबाईंना हे कशाचे पत्र ते माहीत नव्हते. त्यांनी मला हळूच विचारले, "बाईनी पगारनी चिठ्ठी शे का?" पगाराची नाही, असे मी म्हणालो.

फेब्रुवारीत निरीक्षकांचा अहवाल आला. अपघाताचे कारण म्हणून दांड्याची जागा नोंदली होती. ती बातमी मी सहा ओळींत दिली. पहिल्या बातमीची दुरुस्ती मी लिहून आबांकडे दिली होती, आबांनी वर पाठवली, ती छापली गेली नाही. पुढच्या हंगामात कौतिकबाई कामावर हजर झाल्या.

मापवाल्या बाई मेअखेर धुळ्याला परतल्या. प्रबंध दिला गेला नाही. निघण्यापूर्वी त्या आमच्याकडे घरी नेलेल्या जुन्या अंकांचे गठ्ठे परत करायला आल्या, आबांच्या विटा जागेवर आहेत का ते वाकून पाहिले आणि गेल्या. त्यांची टेप आबांच्या टेबलावर राहिली. विसरल्या की ठेवली, हे विचारायचे राहून गेले.

दोन वर्षांनी एका कामासाठी धुळ्याला गेलो, तेव्हा त्यांच्या कॉलेजात डोकावलो. प्रयोगशाळेत ओट्यापुढे एक मुलगी कणीक मळत होती. बाहेरूनच आवाज आला, "हात तसाच ठेवा." टेप नवी होती. त्यांनी चहा मागवला, आबांच्या मानेची चौकशी केली. पदवीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारले, "कौतिकबाई आता कुठल्या हाताने कापूस टाकतात?"

मला माहीत नव्हते.

"बघून कळवा."

मी बघितले नाही आणि कळवलेही नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात आमच्या धुळ्याच्या वार्ताहराने त्यांच्या निधनाची बातमी पाठवली. अल्पशा आजाराने, तीन ओळी. आबा तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या टेबलावर मी बसत होतो. विटा होत्या. बातमीवर शेवटचा हात मी फिरवला. नावापुढे एम.एस्सी. एवढेच होते. ते तसेच जाऊ दिले.

त्याच वर्षी हंगाम सुरू झाल्यावर मी खणातली टेप घेऊन त्या जिनिंगमध्ये गेलो. कौतिकबाई फळीवर होत्या. कापूस डाव्या हाताने टाकत होत्या. पट्टा सरकवायचा दांडा आता यंत्राच्या पुढच्या बाजूला होता, प्रत्येक फळीजवळ एक. हनीफमिस्त्रींची दाढी पांढरी झाली होती.

"कोणी हलवले?" मी ओरडून विचारले.

"मी. साहेबांचा हुकूम आला होता, पुढे घ्या म्हणून."

"उंची त्यांनी दिली होती?"

"उंची नव्हती लिहिली."

मी खाली बसलो आणि टेपचे एक टोक कौतिकबाईंच्या फळीवर धरले. दुसरे टोक मिस्त्रींनी दांड्याच्या मुठीला लावले. आकडा त्यांनी मोठ्याने म्हटला, "चौऱ्याण्णव." मग मी तो लिहून घेतला.