कन्नडच्या घाटातला निर्व्यसनी ड्रायव्हर

संभाजीनगरच्या एका जीपमालकानं मला फसवलं. चाळीसगावला मेव्हण्याकडं लग्न होतं. भंगाराच्या हातगाडीवरून दुकानापर्यंत आलेला माणूस मी, भाडं तर पाडलंच. पण जास्त भांडलो ते एका अटीवर. ड्रायव्हर पिणारा नको. मागं एका झिंगलेल्यानं दौलताबादच्या वळणावर एसटीशी शर्यत लावली होती.

"शेट, आपला बाळू दारूला शिवत नाय. तोंड हुंगून बघा," मालक म्हणाला.

मी खरंच हुंगलं. बडीशेपेचा वास आला. जीपमध्ये उदबत्त्या जळत होत्या. बायकोला, सुमनला, मागं बसवून निघालो.

वेरूळ गेलं. बाळू इतका हळू चालवी, की ट्रॅक्टर पुढं जात. सुमन खूश. कन्नडला आठवडी बाजार होता. आम्ही गरम मिरचीभजी खाल्ली. बाळू टपरीमागं जाऊन आला तो डोळे लाल करून. "धूळ गेली," म्हणाला.

घाटाच्या उतारावर समोरून पिकअप आली. बाळूला ती दिसली होती. ब्रेकवर पाय मात्र उशिरा गेला. पिकअप चुकवताना जीप कठड्यावर आदळली. सुमनचं मनगट मोडलं.

पिकअपवाले चाचा उतरून आले. मी बाळूचं तोंड पुन्हा हुंगत होतो.

"मुंह नक्को, सेठ, कपडे सूंघो (तोंड नको, कपडे हुंगा)," चाचा म्हणाले. "गांजा है."

बाळू कुरकुरला, "दारूवाल्यावानी गाडी उडवत नाय मी. हळूच चालवतो."

"हळू होतास म्हणून कठड्याच्या अलीकडं राहिलास," चाचा म्हणाले. "पन पाय कुठं होता तुझा?"

बाळू खाली बघत बोलला, "मालकाला ठावं हाय. उदबत्त्या तेच लावायला सांगतेत."

सुमनच्या हाताला प्लास्टर घालून, लग्न उरकून आम्ही एसटीनं परतलो. वाटभर विचार केला. दारू प्यालेला जास्त घातक, असं मी आजही म्हणेन. तो वेग वाढवतो आणि आपल्याला चढलीय हे मानत नाही. गांजावाला जपून चालवतो, पण ऐन वेळी त्याला सुचायला उशीर होतो. एवढं समजलं, तरी सुमनला अजून वेणी घालता येत नाही.

मालकाला फोन केला. म्हणाला, "तुम्ही दारूचं विचारलं, मी दारूचं सांगितलं. गांजाचं कुठं विचारलं?"

त्यानं माझ्या घरी यावं, सुमनसमोर बसावं आणि हेच उत्तर तिला द्यावं.