पोळ्यांची परात म्हणजे बफर

हिरामणनाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सिल्वासातल्या माझ्या खोलीवर लॅपटॉपपुढे बसून, तो काय विचारतोय ते न वाचता 'येस, येस' दाबत होते. पलीकडे त्यांच्या पत्नी, सुमनमावशी. "मॅडम, तुमचे नाना गेले ओ... मेथी निवडत बसले होते. बसल्याबसल्याच..." मी नुसती हो हो म्हणत राहिले. तेवढ्यात लॅपटॉपनं आणखी काहीतरी विचारलं आणि माझं बोट आपोआप येसवर गेलं. नाना शेजारी असते तर तिथल्या तिथे खेकसले असते, "वाचलं का?"

मी नाशिकची. गलोंड्याच्या रस्त्याला प्लास्टिकच्या बादल्या, मग आणि स्टुलं बनवणारा आमचा कारखाना आहे, तिथल्या मशीनच्या कंट्रोलचं काम माझ्याकडे. नाना धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले आणि बादलीच्या मशीनवर केस पांढरे केलेले. जुन्या मशीनला दांडे होते, चाकं होती, नाना नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. मग नवीन मशीन आली, पडदेवाली, सगळं इंग्रजीत. मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं, "जिसको स्क्रीन नहीं समझता, वो पॅकिंग में जाएगा." पॅकिंग म्हणजे दिवसभर खाली बसून बादल्या-मग मोजत पोत्यात भरायचे. नाना दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, मी पॅकिंगला नही जानार. हे हात मशीनचे शेत." शेत म्हणजे आहेत, त्यांच्या अहिराणीत. त्यांच्या काखेत दोनशे पानी वही होती.

पहिलाच प्रश्न, "बफर म्हणजे काय?" मी ऐटीत सांगितलं, टेम्पररी मेमरी. "मेमरी म्हणजे?" स्टोरेज. "स्टोरेज म्हणजे?" डेटा ठेवायची जागा. "डेटा म्हणजे?" मग मात्र मी भडकले. नाना शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक इंग्रजी शब्द काढून घेता नि दुसरा हातात देता. मी होतो तिथंच शे." माझा राग त्यांच्यावर नव्हता हो! चार वर्षं इंजिनिअरिंग करून, बफर हा शब्द हजार वेळा तोंडातून काढून, तो म्हणजे काय हे मला सांगता येत नव्हतं, त्याचा होता. दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पोळी घेताना उजेड पडला. लाटणारी बाई भराभर लाटते, आम्ही सावकाश खातो, आणि मधे परात असते म्हणून दोघांचं जमतं. तशीच धावत मशीनवर गेले. नाना खूश! "असं सांगा ना मग!" वहीत लिहिलं: 'बफर – पोळ्यांची परात. भरली की लाटणारी थांबते.'

मग वही भरतच गेली. 'डिफॉल्ट – आपण काही बोललो नाही तर ताटात जे पडतं ते. आमच्याकडे कळण्याची भाकरी.' 'टाइमआउट – वाट बघून बघून मशीन रुसली.' प्रत्येक शब्दापुढे दोन गोष्टी असायच्या, मशीन काय करते आणि आपण काय करायचं. शब्द नीट कळावा म्हणून ते प्रत्येक साच्याचा अख्खा पडदा वहीत उतरवून घ्यायचे, अक्षरं, आकडे, टिंबं, सगळं. मी हसायचे. "नाना, आकडे कशाला? त्यांचा अर्थ नसतो." ते म्हणायचे, "ह्यातलं कोणतं कामाचं अन् कोणतं बिनकामाचं, ते मला कुठं कळतं?"

त्यांचा एकच नियम होता, वहीत नाही त्याला हो म्हणायचं नाही. त्यापायी एकदा मशीन पाऊण तास बंद. पडद्यावर नवा शब्द आला होता आणि नाना हाताची घडी घालून उभे. मॅनेजरसाहेब लालबुंद. "अरे काका, ओके दबाओ ना!" नाना म्हणाले, "साहेब, समजलं नही तं दाबू कसं?" झालं. सोमवारपासून नाना पॅकिंगला, असा हुकूम सुटला. मी मधे पडायला गेले, पण साहेब ऐकून घेईनात. नाना त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

शनिवारी मी नव्या स्टुलाच्या साच्याची सेटिंग मशीनमध्ये टाकायला बसले. पडद्यानं काहीतरी विचारलं. मी येस दाबलं. परत विचारलं, परत येस. आणि बादल्यांच्या, मगांच्या, सगळ्या जुन्या साच्यांची सेटिंग पुसली गेली! हाताशी दुसरी नक्कल नाही. तीही ठेवायची राहिली होती माझ्याकडून. अंदाजानं आकडे टाकून पाहिले, तर बादल्या निघाल्या कान नसलेल्या. गेटवर ट्रक उभा, साहेब येरझारा घालताहेत, आणि मला तर रडूच कोसळलं. तेव्हा नाना पुढे आले. वही उघडली, थुंकी लावून पान उलटलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. कुठल्या साच्याला किती उष्णता, किती दाब, किती सेकंद... एकूण एक! संध्याकाळी बादल्यांना कान आले. साहेब एवढंच म्हणाले, "काका, आप मशीन पे ही रहो." नानांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्हाला इंग्रजी येतं ना, म्हणून तुम्ही वाचत नही." अजून झोंबतं ते वाक्य.

आता नाना नाहीत. वही मात्र त्यांनी सुतळीनं मशीनला बांधून ठेवली होती तशीच आहे. प्रत्येक ऑपरेटरचं नाव मशीनमध्ये घालावं लागतं आणि त्या यादीत दहाच नावं मावतात. गेले तीन आठवडे साहेब माझ्या मागे लागलेत, "मॅडम, काका का नाम निकालो, नये आदमी का डालना है." पहिल्या दिवशी मी नावावर बोट ठेवलं. पडद्यानं विचारलं, नक्की काढायचं? मी तो संदेश आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. काढलेलं परत आणता येणार नाही, असं खाली लिहिलं होतं. म्हटलं, बघू तरी, ह्यावर नाना काय म्हणतात. वही उलटली. तिरक्या अक्षरात होतं: 'डिलीट – कायमचं काढणं. मशीन दोनदा विचारते, म्हणजे तिलाही जिवावर येतं. घाई करू नये. चहा पिऊन यावं.'

मी चहाला गेले.

नवा ऑपरेटर तोवर नानांच्याच नावानं काम करतोय. रोज सकाळी मशीन सुरू झाली की पडदा हिरामणनानांचं स्वागत करतो. साहेब रोज विचारतात, "हो गया क्या, मॅडम?" आणि मी रोज सांगते, "नाही साहेब. अजून चहाच घेतेय."