डाव्या खांद्यावरचा वळ

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर आजवर गंमत म्हणूनच वाचले. चिंचोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर मोजमापं घेणं हेच काम. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारा माणूस. आईच्या नवसांवरून, अंगाऱ्यावरून मी तिची थट्टा करायचो. आता करत नाही. विश्वास बसलाय अशातला भाग नाही... थट्टा करवत नाही, एवढंच.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. शुक्रवार पेठेत आम्ही तिघं राहतो — मी, आई आणि बायको शीतल. शीतलला पाचवा महिना चालू होता.

मला गाडीचं वेड. वर्षातून एकदा मित्रांबरोबर तमिळनाडूतल्या एका रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवायला जायचो. त्या वर्षी त्यासाठी खास टायर घेतले होते. ट्रॅकचा टायर म्हणजे मऊ रबर, आणि त्यावर खाचा जवळजवळ नाहीतच. कोरड्या, तापलेल्या रस्त्याला तो चिकटून चालतो. पण चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम खाचांचं असतं. त्या नसल्या की पावसात गाडी पाण्यावर तरंगते. बसवणारा मिस्त्री बोलला होता, "साहेब, हे नवे असून गोटाच आहेत. पावसात काढू नका गाडी." हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी साधे टायर घरी ठेवून तेच चढवून गेलो, कारण चार जास्तीचे टायर गाडीत मावत नव्हते.

परत येताना एकटाच होतो. विजयपूरला चहाला थांबलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. शीतलला फोन लावला.

"इकडं सकाळपासून लागलाय," ती म्हणाली. "तुम्ही आज तिथंच मुक्काम करा."

"उद्या सोनोग्राफी आहे ना?"

"परवा करू की. डॉक्टर कुठं पळून जातायत?"

"हळू येतो. पाचपर्यंत घरी."

ती म्हणाली, "बरं."

शेजारच्या सीटवर हेल्मेटची जड बॅग होती. तिच्या वजनाने बेल्टचा अलार्म वाजत राहायचा, म्हणून बॅगेवरून बेल्ट अडकवून टाकला आणि निघालो.

भीमेचा पूल ओलांडला तोवर पाऊस चांगलाच वाढला होता. मी साठने चालवत होतो. साध्या टायरवर साठ म्हणजे काहीच नाही. थोडं पुढे उताराच्या तळाशी पाणी साचलं होतं. त्यात शिरलो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं... जणू ते कशाला जोडलेलंच नाही. अशा वेळी काय करायचं नसतं, तेच मी केलं. ब्रेक दाबला. गाडीने पूर्ण गिरकी घेतली आणि रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. जोरात हिसका बसला, पण एअरबॅग उघडल्या नाहीत. मला खरचटलंसुद्धा नाही. घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

शेतातून एक वयस्कर शेतकरी पळत आले, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. डाव्या बाजूचं दार उघडून ते आत वाकले आणि तसेच थांबले.

"ताई कुटं गेल्या?"

"कोण ताई? मामा, मी एकटाच आहे."

"न्हाय वो. आत्ता लांबनं दिसल्या की. पुढं वाकून बसल्या हुत्या."

मी बॅग दाखवली. एवढा पाऊस, काचेवर पाणी... त्यांना बॅगच दिसली असणार. ते बॅगेकडे बघत राहिले. "आसंल," म्हणाले. पण मी गाडी मागे घेऊन निघेपर्यंत ते शेताच्या बांधाकडे, रस्त्याच्या खाली, कुणाला तरी शोधत होते.

घरी फोन लावला. तिसऱ्यांदा आईने उचलला. "लवकर ये बाबा. शीतलच्या पोटात लई दुखतंय. रिक्षानं दवाखान्यात न्हेतोय."

राहिलेलं अंतर तीसच्या वेगाने आलो. काय विचार करत आलो ते आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज कोरडा होता.

"अपघात किती वाजता झाला?"

"सव्वाचारला. पण तो माझा, मॅडम. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पेशंटबद्दल विचारतेय."

"ती घरी होती."

मला आत नेऊन त्यांनी दाखवलं. शीतलच्या डाव्या खांद्यापासून छातीवरून उजव्या कमरेपर्यंत तिरपा, आणि खाली ओटीपोटावरून आडवा, असा काळानिळा वळ उमटला होता.

"सीटबेल्टचा वळ मला ओळखता येतो," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "एक तर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर घरात तिला कुणीतरी मारलंय."

त्यांनी आईला वेगळं बसवून विचारलं. आईने त्यांना जे सांगितलं तेच नंतर मला सांगितलं, आणि आजही विचारलं तर तेच सांगते —

"माझ्या म्होरं बसून शेंगा सोलत हुती. नळाला नुकतंच पाणी आलं हुतं, म्हंजी चार वाजून गेलं हुतं. पडली न्हाय, कशाला धडकली न्हाय. बसल्या जागी एकदम पुढं गेली, अन् कुणीतरी मागनं वडल्यागत भितीला टेकली. ब्रेक सोडा, ब्रेक सोडा, आसं दोनदा म्हनली. मला काय कळंना."

शीतलला गाडी चालवता येत नाही. आणि मी त्या वेळेपर्यंत अपघाताबद्दल घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

पहाटेपर्यंत सगळं संपलं. मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी, शीतल झोपलेली असताना, मी तो वळ मोजला. हो, मोजला... दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. मग खाली जाऊन गाडीतला बेल्ट मोजला. रुंदी तीच. आपल्याकडे चालवणाऱ्याचा बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारच्या सीटचा.

ते टायर मी दुसऱ्याच आठवड्यात कापून टाकले. कुणाला विकायचीही हिंमत झाली नाही. गाडीही विकून टाकली. दोन डॉक्टरांना विचारलं. एकाने रक्ताचा काही विकार असेल म्हणून तपासण्या करायला लावल्या, त्या सगळ्या नॉर्मल आल्या. दुसऱ्याने माझंच ऐकून घेतलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आईने तिच्या पद्धतीने काय काय केलं, ते मी अडवलं नाही.

शीतल ह्या विषयावर कधीच बोलली नाही. मीही विचारलं नाही, कारण ती काय सांगेल याची भीती वाटायची. मी मुक्काम केला असता तर... ह्याच्या पुढे माझा विचार जात नाही.

गेल्या आठवड्यात तिला म्हणालो, हे सगळं एकदा लिहून काढावं म्हणतोय, चालेल का? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"लिहा," ती म्हणाली. "फक्त मी गाडीत नव्हते, असं लिहू नका."

ती घरी होती, आईसमोर बसली होती, हे मी वर लिहिलंय. ते ठेवावं की खोडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.