चिकटवलेली दोन पानं

परवा ऑफिसात एक पाकीट चिकटवताना डिंकाचा वास आला आणि बंगालमधल्या बेहाल्यातलं आमचं जुनं भाड्याचं घर आठवलं. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि मराठीपेक्षा बंगालीच झरझर वाचायची, म्हणून बाईंनी तिला स्वतःच्या लहानपणीचं गोष्टींचं पुस्तक दिलं. त्यातली मधली दोन पानं एकमेकांना चिकटवलेली होती आणि डिंक अजून ओलसर होता. मुलीने ती अलगद सोडवली. आत एक चित्र होतं: पेटलेली भाताची कोठारं, पोरांना पोटाशी धरून बसलेली आई आणि फेटे बांधलेले घोडेस्वार. खालचा मजकूर वाचून मुलगी म्हणाली, “बाबा, हे लुटायला आलेले बर्गी महाराष्ट्रातले होते. म्हणजे आपणच ना?” मी म्हणालो, “फार जुनी गोष्ट आहे ती,” आणि आमच्या बाटलीतला डिंक लावून पानं पुन्हा चिकटवून टाकली. लगेच पुस्तक परत करायला खाली गेलो. बाईंनी पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला माझा ओला डिंक पदराला पुसला आणि म्हणाल्या, “बैठिए, चा पीके जाइए.” त्या पानांबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. माझ्या लहानपणीच्या पुस्तकातही हेच घोडेस्वार होते. मोहीम फत्ते करून ते घरी यायचे आणि दारात बायका त्यांना ओवाळायच्या. ते कुठे जाऊन आले, हे त्या पुस्तकात नव्हतं, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही.